झेपेल तो संकल्प : एका जुन्या वादाचा आढावा

डिसेंबर सरत आला की शीव कोळीवाड्यात काय किंवा लालबाग-परळला काय, भिंतीवरच्या जुन्या खिळ्याला नवे कालनिर्णय लागते आणि त्याच सुमारास एक यादीही तयार होते. ती कागदावर उतरतेच असे नाही. वजन उतरवायचे, पहाटे चालायला जायचे, तंबाखू सोडायची, महिन्याला काहीतरी बाजूला टाकायचे, मुलांवर ओरडायचे नाही. या यादीचे फेब्रुवारीत काय होते यावर विनोद भरपूर झाले आहेत. पण गेल्या साठेक वर्षांत मानसशास्त्र, व्यवस्थापनशास्त्र आणि अर्थशास्त्र या तिघांनीही हा विषय गंभीरपणे घेतला आहे. त्याआधी कितीतरी शतके आपल्याकडच्या धर्मशास्त्राने तो घेतला होता.

‘संकल्प झेपेल असाच करा’ हा सल्ला आज सगळीकडे मिळतो. ऐकायला तो निर्विवाद वाटतो, प्रत्यक्षात त्यावर बराच वाद आहे. झेपणे मोजायचे कशाने? इच्छेने, पूर्वानुभवाने, की हातात असलेल्या वेळेने? मोठे ध्येय ठेवणारा जास्त पुढे जातो की लहान ठेवणारा? आणि संकल्प मोडला तर दोष माणसाचा मानायचा, संकल्पाचा, की परिस्थितीचा? या प्रश्नांची आजची स्थिती काय आहे ते पाहू.

वर्ष नेमके कधी सुरू होते

१ जानेवारीचे महत्त्व मुंबईत तसे उसने आहे. शीव ते माटुंगा हा चालत तासाभरात संपणारा पट्टा घेतला तरी त्यात नव्या वर्षाच्या अर्धा डझन तारखा सापडतात. मराठी घरांत चैत्रातला गुढीपाडवा. फाळणीनंतर कोळीवाड्यालगत वसलेल्या पंजाबी कुटुंबांची बैसाखी. माटुंग्याच्या तमिळ घरांतले पुत्तांडू. कच्छी मंडळींची आषाढी बीज. गुजराती पेढ्यांवरचे दिवाळीतले चोपडापूजन. कोळ्यांचा हंगाम तर नारळी पौर्णिमेशी बांधलेला. महाराष्ट्रात यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते; त्या दिवसांत जाळी विणायची, होडी डागडुजीला काढायची आणि श्रावणी पौर्णिमेला सागराला नारळ वाहून पुन्हा सुरुवात करायची, हा रिवाज आहे. शहर पसरत गेले, खाडीपासून वस्ती तुटत गेली, तशी शीवच्या कोळ्यांची समुद्राशी रोजची गाठ कमी झाली. सण मात्र टिकला.

या तारखांचा मनावर खरोखरच काही परिणाम होतो का? हेंगचेन दाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांचा २०१४ मधला अभ्यास होकार देतो. आहाराविषयीचे इंटरनेटवरचे शोध, विद्यापीठाच्या व्यायामशाळेतली हजेरी, स्वतःशी केलेले लेखी करार, अशा तीन ठिकाणी त्यांना एकच आकृती दिसली. आठवड्याच्या, महिन्याच्या, सत्राच्या, वर्षाच्या आरंभी आणि वाढदिवसानंतर माणसे सुधारणेकडे अधिक वळतात. त्यांचे स्पष्टीकरण असे की अशी तारीख आदल्या चुकांना मागल्या खात्यात ढकलते आणि माणसाला कोरे पान मिळाल्यासारखे वाटते. दाय यांनीच २०१८ मध्ये याची दुसरी बाजू दाखवली. हंगामाच्या मध्यावर दुसऱ्या लीगमध्ये गेलेल्या बेसबॉल खेळाडूंची आकडेवारी शून्यापासून सुरू होते. त्यात आधी खराब खेळणारे सुधारले, पण चांगले खेळणारे घसरले. म्हणजे ज्याचे ठीक चालले आहे त्याला कोरे पान महागही पडू शकते.

एक गोष्ट इथे नोंदवावीशी वाटते. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत होते. तिच्यात धावायचे ठरवणाऱ्याने पाऊस चालू असतानाच सराव धरलेला असतो. १ जानेवारीचा संकल्प तिथे सहा महिने उशिरा पोचतो. तारखेचा उत्साह आणि कामाचा हंगाम यांची सांगड आपोआप बसत नाही, हे शेतकऱ्याला आणि कोळ्याला कुणी सांगावे लागत नाही.

व्रताचे शास्त्र

गिरगावात राहून धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी त्या ग्रंथाच्या पाचव्या खंडात व्रतांना मोठी जागा दिली. व्रतांची त्यांनी दिलेली यादी चाळली तरी या समाजाने ‘मी अमुक करीन’ या वाक्यावर किती विचार खर्च केला आहे ते कळते. आजच्या वादाच्या दृष्टीने त्यातल्या तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत.

पहिली, संकल्पाची घडण. पूजेच्या आधी हातात पाणी घेऊन जे म्हटले जाते त्यात स्थळ, काळ, कर्त्याचे नाव, हेतू आणि करायचे कर्म हे सारे उच्चारावे लागते. ‘जमेल तेव्हा’ला तिथे जागा नसते. दुसरी, मुदत. सोळा सोमवार सोळाच असतात, चातुर्मास आषाढी एकादशीला सुरू होऊन कार्तिकीला संपतो, आणि शेवटी उद्यापन करून व्रत रीतसर मिटवले जाते. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे सवलत. पाणी, कंदमुळे, फळे, दूध, औषध किंवा गुरूची आज्ञा यांनी उपवास मोडत नाही, असा स्पष्ट नियम आहे. आजारपणात प्रतिनिधीकडून व्रत करवून घेण्याचीही सोय आहे. म्हणजे माणूस अडखळणार हे गृहीत धरूनच ही रचना केलेली दिसते. व्यवहारात या सवलतींचा भार घरातल्या बायकांच्या वाट्याला कितपत आला हा वेगळा प्रश्न. श्रावणातल्या कहाण्या वसा टाकणाऱ्याला चांगलीच अद्दल घडवतात, आणि तो वसा घेणारी बहुधा सून किंवा राणी असते.

या सवलतींच्या अगदी उलट टोकाला गांधीजी उभे आहेत. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून साबरमतीच्या आश्रमाला ते दर मंगळवारी पत्र पाठवीत. त्यांतल्या व्रताविषयीच्या पत्रात त्यांनी ‘शक्यतो करीन’ ही भाषाच नाकारली. त्यांच्या मते ‘शक्यतो’ म्हणणारा पहिल्याच मोहाला बळी पडणार. निश्चयाला पळवाट ठेवली की तो निश्चय राहत नाही. झेपेल तेवढेच ठरवा म्हणणाऱ्यांना दिलेले याहून खणखणीत उत्तर मला ठाऊक नाही.

पण याच माणसाच्या आयुष्यात दुधाचा प्रसंगही आहे. दूध घ्यायचे नाही असे व्रत गांधीजींनी घेतले होते. १९१८ च्या आजारपणाने ते खंगले. मुंबईत डॉ. दलालांनी दूध घेतल्याशिवाय प्रकृती सुधारणार नाही असे बजावले. व्रत घेताना मनात गाय-म्हशीचे दूध होते, तेव्हा शेळीचे घ्यायला काय हरकत, हा तोडगा कस्तुरबांनी काढला. गांधीजींनी तो स्वीकारला आणि आत्मकथेत स्वतःविरुद्ध लिहून ठेवले की आपण व्रताचे अक्षर पाळले, त्यातला आत्मा मारला. ही कबुली वाचताना दोन्ही बाजूंच्या वाचकांना आपापला पुरावा सापडतो. कडक निश्चयवादी त्यात मोहाचा विजय पाहतात. सवलतवादी म्हणतात, शेळीच्या दुधाने माणूस उभा राहिला आणि पुढचे सगळे घडले.

कारखान्यातून घरात

आज ज्याला ‘ध्येयनिश्चिती’ म्हणतात ती घरात कारखान्याच्या वाटेने आली. पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये उद्दिष्टांनुसार व्यवस्थापनाची कल्पना मांडली. एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये तिला मानसशास्त्राचा पाया दिला. ‘जमेल तेवढे चांगले करा’ असे सांगण्यापेक्षा नेमके आणि कठीण उद्दिष्ट दिले तर काम अधिक होते, हा त्यांचा सिद्धान्त. त्याचे गाजलेले उदाहरण ओक्लाहोमातल्या लाकूडतोडीचे. तिथले ट्रक कायदेशीर मर्यादेच्या जेमतेम साठ टक्के भरून निघत. गॅरी लॅथम आणि जे. जेम्स बाल्डेस यांनी चालकांना ९४ टक्क्यांचे लक्ष्य दिले, जादा पैसे दिले नाहीत, आणि काही महिन्यांत ट्रक नव्वद टक्क्यांच्या आसपास भरू लागले. हा अभ्यास १९७५ चा.

लॉक आणि लॅथम सोपे ध्येय ठेवायला सांगत नाहीत, हे नीट लक्षात घ्यावे लागते. त्यांच्या मांडणीत ध्येय जितके अवघड तितकी कामगिरी वरची. अट एवढीच की माणसाकडे क्षमता हवी आणि ते ध्येय त्याने मनापासून स्वीकारलेले हवे. ‘वास्तववादी’ हा शब्द लोकप्रिय झाला तो जॉर्ज डोरान यांच्यामुळे. १९८१ मध्ये एका व्यवस्थापन-मासिकात त्यांनी ‘स्मार्ट’ हे लघुरूप दिले : नेमके, मोजता येणारे, कुणाच्या तरी जबाबदारीचे, वास्तववादी आणि कालबद्ध. डोरान यांचे वाचक कंपन्यांचे व्यवस्थापक होते, आणि प्रत्येक उद्दिष्टात पाचही गुण असलेच पाहिजेत असे नाही, हेही त्यांनी लिहिले होते. ती सूट पुढे गळून गेली. ‘कुणाच्या जबाबदारीचे’ हा घटकही बहुतेक ठिकाणी बदलून त्याजागी ‘साध्य होणारे’ आले. एकट्या माणसाच्या संकल्पात जबाबदारी वाटून द्यायला दुसरे असते तरी कोण, असे म्हणता येईल. पण घर चालवणारी बाई हा प्रश्न वेगळ्या रीतीने विचारू शकते. त्याकडे पुढे येऊ.

या परंपरेवरची टीकाही तितकीच महत्त्वाची आहे. २००९ मध्ये लिसा ओर्दोन्येझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिले की ध्येयांचे दुष्परिणाम दुर्लक्षिले जातात : नजर अरुंद होते, आकडा गाठण्यासाठी लबाडी होते, न मोजलेल्या गोष्टी मागे पडतात. लॉक-लॅथम यांनी त्याच वर्षी, काहीशा चिडक्या सुरात, उत्तर दिले की दोष ध्येयाचा नसून ते चुकीच्या पद्धतीने लादण्याचा आहे. दोन्ही बाजू एका मुद्द्यावर फारशा भांडत नाहीत. नवे, गुंतागुंतीचे काम शिकताना निकालाचा आकडा समोर ठेवला तर शिकणे बिघडते. रूथ कॅन्फर आणि फिलिप अॅकरमन यांनी १९८९ मध्ये विमानवाहतूक नियंत्रणाच्या सराव-प्रयोगांत हे दाखवले होते. पोहायला शिकणाऱ्याने पहिल्याच महिन्यात वीस फेऱ्यांचा हट्ट धरू नये, हे शिवाजी पार्कच्या तरणतलावावरचा कुठलाही प्रशिक्षक सांगेल.

संकल्पांचे पुढे काय होते

नव्वद टक्के संकल्प फसतात, असे वाक्य दर जानेवारीत छापून येते. मूळ अभ्यास इतके निराशाजनक नाहीत. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रॅन्टन विद्यापीठाचे जॉन नॉरक्रॉस यांनी १९८० च्या दशकात दोनशे संकल्पकर्त्यांचा माग काढला. आठवडाभर टिकलेले ७७ टक्के, सहा महिन्यांनी ४० आणि दोन वर्षांनी १९. त्यांच्याच २००२ च्या अभ्यासात दोन गट होते. एकाने नववर्षाचा संकल्प केला होता, दुसऱ्याला तोच बदल हवा होता पण संकल्प केला नव्हता. सहा महिन्यांनी पहिल्यातले ४६ टक्के यशस्वी होते, दुसऱ्यातले ४. संकल्प करणाऱ्यांची तयारी मुळातच अधिक असणार, हा आक्षेप इथे घ्यावाच लागतो. तरीही फरक मोठा आहे.

स्वीडनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेला, १,०६६ जणांवरचा अभ्यास अधिक कामाचा वाटतो. ‘अमुक सोडीन’ म्हणणाऱ्यांपैकी ४७ टक्के वर्षअखेर यशस्वी ठरले, ‘अमुक करू लागेन’ म्हणणाऱ्यांपैकी ५९ टक्के. थोडीशी मदत मिळालेल्यांचे भरपूर मदत मिळालेल्यांपेक्षा बरे चालले, हा निकाल तर संशोधकांनाही अनपेक्षित होता. हे सारे आकडे लोकांनी स्वतःबद्दल दिलेल्या माहितीवर उभे आहेत, आणि स्वतःच्या वजनाबद्दल माणूस काय सांगतो हे आपण जाणतो.

टोरांटोच्या जॅनेट पोलिवी आणि पीटर हर्मन यांनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला : इतके अपयश येऊनही माणसे तोच संकल्प पुन्हा का करतात? त्यांचे उत्तर ‘खोट्या आशेचे’ आहे. संकल्प करण्यातच एक समाधान असते. बदल लवकर, सोपा, मोठा आणि आयुष्य पालटणारा होईल असे वाटते. तो तसा होत नाही. मग दोष प्रयत्नाला देऊन पुन्हा तीच सुरुवात होते. वास्तववादी ध्येयाच्या बाजूने मांडलेला सर्वांत धारदार युक्तिवाद हाच.

मोठे की लहान

या वादाचा मराठी अवतार काही वर्षांपूर्वी घराघरांतल्या ताटांवर रंगला. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी सांगितले : दिवसातून दोनदाच खा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मध्ये काही नको, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. ऋजुता दिवेकर यांची शिकवण याच्या जवळजवळ उलट : थोडे थोडे, दर दोन तासांनी, घरचे आणि स्थानिक खा. कोणाचे शास्त्र बरोबर हे आहारतज्ज्ञांनी ठरवावे. संकल्पाच्या अभ्यासकाला त्यात दुसरेच काही दिसते. पहिल्या नियमाची रेषा ठळक आहे. ती मोडली की मोडली, वाद उरत नाही. दुसऱ्यात रोजच्या निर्णयाला वाव आहे, त्यामुळे चुकीला जागा आहे आणि सावरायलाही. ठळक नियम पाळणे काहींना सोपे जाते, कारण दर वेळी विचार करावा लागत नाही. काहींना तोच नियम एका लग्नाच्या जेवणात कायमचा सोडावा लागतो. दोन्ही प्रकारची माणसे एकाच चाळीत, कधी एकाच खोलीत राहतात.

मुंबईचे कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांचे विवेकनिष्ठ मानसोपचारशास्त्र मराठी वाचकांपर्यंत आणले. तिथून या वादात तिसरी बाजू येते. एलिस यांच्या मते अडचण ध्येयाच्या आकारात नाही, त्यामागच्या ‘च’मध्ये आहे. ‘मला पास व्हायला आवडेल, त्यासाठी मी झटेन’ आणि ‘मी पास झालोच पाहिजे, नाहीतर मी नालायक’ या दोन वाक्यांतले ध्येय एकच, पण दुसऱ्यात अपयशाची भीती इतकी असते की काम टळत राहते. या भूमिकेतून मोठे ध्येय ठेवायला हरकत नाही, हट्ट सोडायचा. टीकाकार विचारतात की हट्टाशिवाय कुणी काही मोठे केले आहे का. एलिसपंथी म्हणतात, चिकाटी वेगळी आणि अट्टाहास वेगळा. प्रत्यक्ष माणसात ही रेघ कुठे ओढायची हे मात्र कठीण आहे.

अंदाजाच्या चुकीबद्दल मतभेद कमी आहेत. रॉजर ब्यूलर व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल ते विचारले. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता, लागले ५५ हून अधिक. स्वतःच्या कामाला किती वेळ लागेल हे माणूस मागच्या अनुभवावरून ठरवत नाही, मनातल्या चित्रावरून ठरवतो.

निश्चय की व्यवस्था

संशोधनाचा कल गेल्या वीस-पंचवीस वर्षांत निश्चयाकडून व्यवस्थेकडे सरकला आहे. त्याला एक कारण म्हणजे इच्छाशक्तीच्या सिद्धान्ताला बसलेला धक्का. रॉय बाउमायस्टर यांनी १९९८ मध्ये मांडले होते की आत्मसंयम वापरला की खर्ची पडतो. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून या सिद्धान्तावरचा एक प्रयोग पुन्हा केला तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. वाद संपलेला नाही, पण ‘माझ्यात इच्छाशक्तीच कमी’ हे घरगुती निदान आता पूर्वीइतके भक्कम राहिलेले नाही.

व्यवस्थेच्या बाजूने सर्वांत मजबूत पुरावा पीटर गोलविट्झर यांच्या ‘जर-तर’ योजनांचा. ‘व्यायाम करीन’ऐवजी ‘गाडीतून उतरलो की घरी न जाता आधी किल्ल्याच्या बागेला एक फेरी मारीन’ असे ठरवायचे. गोलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या आणि मध्यम ते मोठा परिणाम नोंदवला. स्थळ, काळ, कर्म यांचा उच्चार करवून घेणारा पूजेतला संकल्प इथे आठवल्याशिवाय राहत नाही. दोन्हींचे हेतू निराळे आहेत, तेव्हा साम्य जास्त ताणू नये.

नोंद ठेवण्याचाही फायदा दिसतो. बेंजामिन हार्किन व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये १३८ अभ्यास, म्हणजे जवळपास वीस हजार माणसे, एकत्र पाहिली. प्रगती तपासत राहणाऱ्यांचे ध्येय अधिक पुरे होते, आणि ती लिहून ठेवली किंवा इतरांना दिसली तर आणखी. १९७३ पासून मराठी घरांत असलेल्या कालनिर्णयाच्या चौकोनांत दुधाचे रतीब आणि गॅसच्या टाकीची तारीख लिहिली जाते. चालण्याच्या खुणेलाही तिथे जागा असते. सवयीच्या बाबतीत २१ दिवसांचा मंत्र सर्वश्रुत आहे. त्याचा उगम मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात, रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान इतके दिवस लागतात या निरीक्षणात आहे. लंडनच्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर प्रत्यक्ष मोजले तेव्हा मधला आकडा ६६ दिवस निघाला, पण व्याप्ती १८ ते २५४ अशी. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हा त्यांचा निष्कर्ष जास्त उपयोगी. दुर्दैवाने ६६ हाही आता नवा मंत्र होऊ पाहतो आहे.

पैशाच्या संकल्पात मुंबईने स्वतःची व्यवस्था केव्हाच शोधली होती. भिशीत पैसे बुडण्याचा धोका असतो, व्याज नसते, तरी गिरणगावात ती पिढ्यान्‌पिढ्या चालली. शेजारणीसमोर हप्ता चुकवता येत नाही, हे तिचे बळ. पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे पुस्तक घेऊन दारात येणारी एजंट बाई याच कामाची. फिलिपाइन्समध्ये नावा अश्रफ, डीन कार्लन आणि वेस्ली यिन यांनी असे बांधलेले बचत खाते देऊ केले. त्या गटाची शिल्लक वर्षभरात तुलनेच्या गटापेक्षा ८१ टक्के-बिंदूंनी अधिक वाढली. मात्र देऊ केलेल्यांपैकी २८ टक्क्यांनीच ते घेतले होते.

या सगळ्या उपायांवर थंड पाणी ओतणारा अभ्यास २०२१ चा आहे. मिल्कमन आणि तीस शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका व्यायामशाळा-साखळीच्या ६१,२९३ सभासदांवर ५४ वेगवेगळे चार-आठवडी कार्यक्रम राबवले. ४५ टक्के कार्यक्रमांनी हजेरी ९ ते २७ टक्क्यांनी वाढवली. कार्यक्रम संपल्यावर परिणाम टिकला तो फक्त ८ टक्क्यांचा. कोणता उपाय चालेल याचे तज्ज्ञांचे अंदाजही चुकले. सर्वांत वर आला तो उपाय असा : खाडा झाल्यानंतर पुन्हा आलेल्याला अगदी किरकोळ बक्षीस. मारिसा शरीफ आणि सुझॅन शू यांनीही २०१७ मध्ये दाखवले होते की कठीण ध्येयाला ‘आणीबाणीच्या सुट्या’ जोडल्या तर माणसे ते जास्त काळ धरून ठेवतात. धर्मशास्त्रकारांनी औषधाने व्रत मोडत नाही म्हटले, त्यामागचा हिशेब बहुधा असाच होता.

वेळ कुणाचा

वरच्या बहुतेक संशोधनात माणूस एकटा आहे आणि त्याचा दिवस त्याच्या ताब्यात आहे. शीव कोळीवाड्यात हे गृहीतक लगेच अडते. भाऊच्या धक्क्यावरून माल उचलून बाजारात पाटी लावणारी बाई पहाटे उठण्याचा संकल्प करत नाही. ती कित्येक वर्षे उठतेच आहे. केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात २०१९ मध्ये दिवसाला २९९ मिनिटे जात आणि पुरुषांची ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या विश्लेषणानुसार भारतातल्या निम्म्या प्रौढांचा, आणि स्त्रियांपैकी ५७ टक्क्यांचा, तेवढा होत नाही. या दोन आकडेवाऱ्या शेजारी ठेवल्या की ‘रोज अर्धा तास स्वतःसाठी’ हा लहान, वास्तववादी वाटणारा संकल्प दुसऱ्या कुणाच्या तरी अर्ध्या तासाला हात घालतो हे दिसते. डोरान यांचा गळालेला घटक, म्हणजे काम कुणाच्या जबाबदारीचे, इथे परत आणावा लागतो.

पैशाच्या चणचणीचे काय? आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्दर शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूच्या ४६४ ऊस उत्पादकांची कापणीआधी आणि नंतर चाचणी घेतली. तेच शेतकरी, पण हातात पैसा नसताना विचारक्षमतेच्या चाचणीत त्यांचे गुण कमी आले. संशोधकांचे म्हणणे असे की टंचाई मनातली जागा खाऊन टाकते. व्यक्तिवादी बाजूचे उत्तर आहे की हे मान्य करूनही अडचणीतली माणसेच भिशी लावतात, मुलांना शिकवतात. परिस्थितीवर बोट ठेवले की त्यांच्या कर्तृत्वाचा अपमान होतो. माझ्या मते या दोन विधानांत विरोध नाही. ध्येय किती मोठे असावे यावर जितके मोजमाप झाले, तितके ते कुणाच्या दिवसात बसवायचे यावर झालेले नाही. ‘वास्तववादी’ हे विशेषण ध्येयाला लावण्याआधी दिवसाला लावून पाहावे.

अजून न सुटलेले

संकल्प चारचौघांत सांगावा की मनात ठेवावा, यावर पुरावा दोन्हीकडे आहे. हार्किन यांच्या विश्लेषणात इतरांना दिसणारी नोंद उपयोगी पडते. गोलविट्झर यांच्या २००९ च्या प्रयोगांत मात्र आपला इरादा दुसऱ्याने ऐकून घेतला की काम कमी झाले, जणू काही भाग आधीच पदरात पडला. कदाचित इरादा सांगणे आणि हिशेब दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी असतील. भिशीत हिशेबच दिसतो, इरादा कुणी विचारत नाही.

दुसरा प्रश्न सोडण्याचा. कार्स्टन रोश आणि सहकारी २००३ पासून मांडत आले आहेत की गाठता न येणारे ध्येय सोडून दुसऱ्याकडे वळू शकणाऱ्यांचे मन अधिक स्वस्थ राहते. चिकाटीचा गौरव करणाऱ्या समाजात हे पचनी पडणे अवघड. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला १०,१६,८५० अर्ज आले आणि निवड १,०१६ जणांची झाली. आयोगाने खुल्या गटासाठी सहा, इतर मागासवर्गीयांसाठी नऊ प्रयत्नांची मर्यादा घातली आहे; अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना वयोमर्यादेपर्यंत मुभा आहे. म्हणजे इथे उद्यापनाची तारीख नियमाने ठरते, आणि ती आल्यावर घरात काय बोलायचे हे कुठल्याच नियमात नसते. वजन, बचत, वाचन, गाणे शिकणे यांना अशी मर्यादा कुणी घातलेली नाही. तिसऱ्या जानेवारीला तोच संकल्प पुन्हा लिहिताना ती चिकाटी आहे की पोलिवी-हर्मन यांची खोटी आशा, हे आतून ओळखता येते का, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही.